पेटीवालीचं पुढचं चाक

मी घोडी बोलतेय. दचकू नका, मला शेपूट नाही आणि मी लाथही मारत नाही. चार पाय तेवढे आहेत, तेही लोखंडी, आणि जन्मल्यापासून एकाच जागी रोवलेले. गॅरेजात मोटारसायकलचं चाक तोलायला दोन खांबांचं जे स्टँड असतं ना, त्याला आमच्याकडे घोडी म्हणतात. ती मी.

माझा जन्म एका मोडक्या लोखंडी खाटेतून झाला. खाट होती मिस्त्रींच्या वडिलांची. मिस्त्री म्हणजे माझे मालक, मोटारसायकली दुरुस्त करतात. ते खाट खांद्यावर टाकून त्यांच्या लेथवाल्या मित्राकडे गेले, तेव्हा तो म्हणाला, "अरे, खाटेची घोडी करतोस? मग म्हातारा झोपेल कुठे?"

मिस्त्री म्हणाले, "म्हातारा केव्हाच कायमचा झोपला. त्याचं लोखंड तरी जागं राहू दे."

लेथवाल्याने मग खाट कापली. खाटेच्या पायांचे दोन खांब केले. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोन-दोन बेरिंगं शेजारी-शेजारी बसवली, दोन बहिणी गाल लावून बसतात तशी. त्यांच्या मधल्या खळग्यात एक गुळगुळीत कांब आडवी ठेवायची. चाक त्या कांबेत ओवायचं, दोन्ही बाजूंनी घट्ट करायचं, की चाक हवेत, आणि हात लावला की फिरतंय असं, जणू त्याला कोणी धरलेलंच नाही.

माझं सगळं शास्त्र एवढंच, की जड बाजू खाली जाते. चाकाला हलकेच ढकलायचं आणि सोडून द्यायचं. ते फिरतं, डुलतं, दमतं आणि थांबतं. थांबल्यावर जे टोक खाली, ते जड. तिथे खडूने खूण करायची आणि बरोबर समोर, वरच्या टोकाला, शिशाचा चिकटणारा तुकडा लावायचा. पुन्हा सोडायचं. कुठेही थांबवलं तरी चाक तिथेच गुमान थांबलं, म्हणजे ते तोललं गेलं. शाळा मी पाहिलेली नाही. पण आजवर माझ्या खांद्यावर बसलेलं एकेक चाक मला आठवतं. कोणाचं कुठे जड होतं तेसुद्धा.

चाक तोललेलं नसलं की काय होतं, ते गाडी चालवणाऱ्याला विचारा. हळू जाताना काही कळत नाही. वेग घेतला की हँडल थरथरायला लागतं, तळहाताला मुंग्या येतात, आणि वळणावर तर गाडी आपलं ऐकतेय की नाही अशी शंका येते. अशी शंका आली, की माणूस रस्ता सोडून हँडलकडे बघायला लागतो. तिथेच घात होतो.

गॅरेज आणि घर एकाच भिंतीला. मध्ये एक दार, दाराच्या पलीकडे स्वयंपाकघर. चाक माझ्यावर डुलायला लागलं, की मिस्त्री दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, आपलाच हात आपल्याला न विचारता चाकाला लागू नये म्हणून. आणि ओरडायचे, "दार लावा! पंखा बंद!" वाऱ्याची झुळूकही चाकाला फसवते हो. मग आतून त्यांची बायको, माई, म्हणायची, "झालं. यांचं चाक तोलायचं म्हणून आम्ही श्वास कोंडून मरायचं. शिंक आली तर परवानगी घेऊ का हो?"

"घे. आणि मिळेपर्यंत थांब."

अशी त्यांची बोलणी. चाळीस वर्षांत एकदाही गोड बोलताना मी ऐकलं नाही, आणि एकदाही दोघं वेगवेगळे जेवले नाहीत.

मध्ये माझे वाईट दिवसही आले. शहरात चौकात मोठ्या दुकानात मशीन आलं. चाक लावलं की गरगर फिरवतं आणि काचेवर आकडा दाखवतं. कुठे किती वजन लावायचं, सगळं तेच सांगतं. गिऱ्हाइकांना आकडा दिसला की हायसं वाटतं, मग तो कसला का असेना. लोक तिकडे गेले. माझ्यावर माईने ओली फडकी वाळत घातली. पुढे कांबेला कांद्याची टोपली लटकली. ज्याच्या खांद्यावर चाकं बसली, त्याच्या खांद्यावर कांदे बसले म्हणून काय जीव जातो?

माझे दिवस पालटले ते सूनबाईमुळे.

मिस्त्रींना एकच मुलगा. तो छापखान्यात कामाला आहे. त्याला मी चिरंजीव म्हणते. स्वभावाने गरीब, पण कोणी काही सांगितलं की त्याला ते लगेच पटतं. त्याची बायको मोटारसायकल चालवते, आणि चालवते म्हणजे नुसती हौस नाही. शहरातल्या रक्तपेढीतून रक्ताच्या पिशव्या बर्फाच्या पेटीत घालून ती डोंगरावरच्या दवाखान्यात पोचवते. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मोठी गाडी जायची तर निम्मा दिवस जातो. म्हणून ती. वाटेवरचे सगळे तिला पेटीवाली म्हणतात. वरच्या डॉक्टरीणबाई तर म्हणतात, "पेटीवालीच्या गाडीचा आवाज आला, की बाळंतपणाच्या खोलीत आमचा अर्धा घोर मिटतो."

सून घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने माझ्यावरची टोपली उतरवली. "बाबा, ही इतकी चांगली घोडी, आणि हिच्यावर कांदे?"

मिस्त्री म्हणाले, "लोकांना आकडा लागतो गं, बाळ."

"मला नाही लागत. माझं चाक हिच्यावरच तोला."

तेव्हापासून तिची दोन्ही चाकं माझ्याकडेच. तिचं चाक माझ्यावर असलं, की मी जरा जास्तच गुळगुळीत फिरायचे, हे मी आज कबूल करते.

मग पुढच्या चाकाचं प्रकरण झालं.

त्या चाकाला नवा टायर घातला होता. मिस्त्रींनी तो माझ्यावर तोलला. शिशाचे दोन तुकडे लागले, फार नाहीत. चाक सुरेख थांबलं. चार दिवस गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली. पाचव्या दिवशी सकाळी सून डोंगर चढायला निघाली, तर हँडलने थरथर धरली. तिला वाटलं रस्ता खराब असेल. सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी उतारावर वळताना हँडल असं काही थडथडलं, की गाडी खडीत गेली आणि सून रस्त्यावर. कोपर सोललं, गुडघा सुजला. पेटी रिकामी होती म्हणून ठीक.

घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माईने तिचं कोपर धुतलं, औषध लावलं, आणि लावता लावता स्वतःच रडली. सून नाही रडली. तिने नुसतं विचारलं, "बाबा, चाकाला काय झालंय?"

आता खरी गंमत सांगते, म्हणजे तेव्हा ती गंमत नव्हती. चाक माझ्यावर चढलं. मिस्त्रींनी ढकललं, हात पाठीमागे बांधले. चाक थांबलं. खडूची खूण झाली, समोर वजन लागलं. पुन्हा ढकललं, तर चाक दुसरीकडेच थांबलं. तिथे खूण, समोर वजन. तिसऱ्यांदा तिसरीकडे. संध्याकाळपर्यंत रिमभर शिशाचे तुकडे मुंगळ्यांसारखे चिकटले, आणि खडूच्या खुणा इतक्या झाल्या, की कोणती कशाची तेच मिस्त्रींना कळेना.

मला तर तोंड दाखवायला जागा उरली नाही. मी खोटं बोलत नव्हते हो! चाक जिथे जड वाटलं, तिथेच मी त्याला खाली नेलं. पण दर खेपेला ते वेगळ्या जागी जड. असं चाक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी रिम तपासलं, सरळ. चाकाच्या आतली बेरिंगं बदलली. टायरची हलकी बाजू दाखवणारा पिवळा ठिपका हवा भरायच्या नळीपाशी आहे ना, तेही पाहिलं, बरोबर होता. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हातारी झालीस का गं?" आणि माझ्या बेरिंगांना तेल दिलं. ते तेल मला अश्रूंसारखं वाटलं.

चिरंजीव म्हणाले, "मी सांगत होतो, मशीनवर न्या." रविवारी स्वतः चाक घेऊन गेले. परत आले ते तोंड पाडून. मशीनने पहिल्यांदा एक आकडा दाखवला, दुसऱ्यांदा दुसरा, तिसऱ्यांदा तिसरा. दुकानदार म्हणाला, रिमच बदला. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. वाईट बोलू नये, पण वाटलं. मोठ्या घरच्या लेकीचंही आमच्यासारखंच झालं.

पण सुनेला कसलं बरं वाटणार? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गाडी तिने चालवली, पण तीस-चाळीसच्या वर वेग घेईना. डोंगरावर पोचायला दुप्पट वेळ लागायला लागला. एकदा वर एका बाईला रक्त चढवायचं होतं आणि ही अर्धा तास उशिरा पोचली. बाई वाचली. पण तो अर्धा तास डॉक्टरीणबाई फाटकात उभ्या होत्या, हे कोणीतरी सुनेला सांगितलं. ते तिच्या काळजात रुतलं.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "सोमवारपासून तू येणार की दुसरं कोणी बघू, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत मला सांग. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मला नक्की माहीत असायला हवं."

सुनेने फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "शनिवारपर्यंत गाडी हातात सरळ आली नाही, तर मी हे काम सोडते. मला मरायची भीती नाही वाटत. माझ्यामुळे कोणीतरी वर वाट बघत मरेल, ती वाटते."

त्या रात्री जेवताना कोणी कोणाची चेष्टा केली नाही. दाराआडून मला नुसते चमचे ऐकू येत होते.

शनिवार उजाडला. चाक सकाळपासून माझ्यावर चढलेलं. मिस्त्रींनी सगळी जुनी वजनं काढून टाकली, पुन्हा नव्याने सुरुवात केली आणि दुपारी थकून स्टुलावर बसले. माई दारात भाजी निवडत होती. सून माझ्यासमोर जमिनीवरच बसली, गुडघा लांब करून, आणि चाकाकडे बघत राहिली. आपल्या हट्टी मुलाशी बोलावं तशी बोलली.

"सकाळी एवढी थरथर करतोस, आणि वर पोचेपर्यंत शहाणा होतोस. असं का रे?"

मिस्त्रींनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"काही नाही, बाबा. याच्याशी बोलतेय."

"नाही, नाही. सकाळचं काय?"

"सकाळी निघाले की जास्त थरथरते. तासभर चालली की कमी होते. वर उभी करून परत निघाले, की पुन्हा थोडी. मी सांगितलं नाही का?"

"नाही सांगितलंस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे मात्र खरं होतं. पंधरा दिवस चाकाला सगळ्यांनी विचारलं, मला विचारलं, शहरातल्या मशीनला विचारलं. चालवणारीला कोणी विचारलं नव्हतं.

सून उठली. तिने चाकाचं खालचं टोक धरलं आणि हळूहळू वर नेलं, अगदी वर. तिथे धरून ठेवलं. तेव्हा मला माझ्या खांद्यावर काहीतरी जाणवलं. चाकाच्या आत काहीतरी सरकत होतं. अंथरुणात लपलेलं मांजर कुशीवर वळतं तसं, सावकाश.

तिने टायरला कान लावला. पुन्हा फिरवलं.

"बाबा, यात काय आहे?"

"टायरात? हवा."

"हवा गचकते का?"

मिस्त्री स्टुलावरून असे उठले, की स्टूल आडवं झालं. त्यांनीही कान लावला. चाक फिरवलं. आत गचक. पुन्हा गचक.

"पाणी शिरलं की काय? पण शिरेल कुठून?"

दारातली भाजी निवडायची थांबली होती. माझं तोंड दाराकडे आहे, म्हणून मला दिसलं. माईच्या हातात एक देठ तसंच राहिलं होतं आणि ती जमिनीकडे बघत होती.

मिस्त्री म्हणाले, "काय गं? तुझा चेहरा का असा झाला?"

"माझा? माझा कुठे काय?"

"चाळीस वर्षं झाली. मला चेहरा वाचता येतो."

माईने भाजीचं ताट बाजूला ठेवलं. "हे बघा, मी वाईट काही केलं नाही. ती मागे एकदा डोंगरात पंक्चर होऊन दोन तास अडकली होती ना? रक्ताच्या पिशव्या पेटीत, बर्फ वितळतोय, आणि पोर एकटी. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, एक बाटली औषध टायरात भरलं, की खिळा घुसला तरी हवा जात नाही, आतल्या आत भोक बुजतं. मी म्हटलं, भर बाबा. नवा टायर घातला त्याच्या चौथ्या दिवशी. तुम्ही सामान आणायला गेला होता."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भरू दिलं असतंत?"

"नसतं दिलं!"

"म्हणून नाही सांगितलं."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. सून मात्र हसायला लागली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. "माई, हे औषध पंक्चरसाठी ठीक आहे हो. पण एका बाटलीने चाक इतकं वेडं होईल का? बाबा, ते तर पसरून बसतं ना?"

"बसायला हवं," मिस्त्री म्हणाले. "थोडं जड होईल, पण असं गोळा होऊन गचकणार नाही. उघडूनच बघू."

त्यांनी हवा सोडली, टायरची एक कड रिमवरून उतरवली आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत हिरवा. मुठीत चिखलाचा एक लगदा. आणि त्या लगद्यात खसखशीहून जराशा मोठ्या, पांढऱ्या, गुळगुळीत गोळ्या. शेकडो.

"या काय आहेत?"

माई ताडकन उभी राहिली. "या माझ्या नाहीत! देवाशपथ सांगते! माझी बाटली हिरवी होती!"

तेवढ्यात छापखान्याची अर्धी सुट्टी होऊन चिरंजीव सायकल टेकवत आत आले. बापाच्या हातातल्या गोळ्या त्यांना दिसल्या, आणि त्यांनी सायकलची घंटा पुसायला घेतली. कारण नसताना घंटा पुसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी फार पूर्वी शिकले.

"या," मिस्त्री म्हणाले. "घंटा नंतर पुसा."

चिरंजीवांनी सगळं सांगितलं. छापखान्यातल्या एका मित्राने सांगितलं होतं, की या गोळ्या हवेच्या नळीतून टायरात ओतल्या, की चाक पळताना त्या आतल्या आत पांगतात आणि जिथे हलकं असेल तिथे जाऊन बसतात. वजनं नकोत, घोडी नको. टायर नवा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या ओतल्या. "मला वाटलं, हिची गाडी मखमलीसारखी चालावी. पण बाबांना सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी त्यांच्या घोडीचा अपमान केला."

"मग हिला का नाही सांगितलंस?" माईने सुनेकडे बोट केलं. आता तिच्या अंगात बळ आलं होतं, आपल्या जोडीला दुसरा गुन्हेगार मिळाल्यावर येतं तसं.

"तू सांगितलंस का हिला?"

"मी तुझी आई आहे!"

म्हणजे झालं होतं असं. मिस्त्रींनी चाक तोललं. मुलाने गुपचूप गोळ्या ओतल्या. त्या एकट्या होत्या तोवर बिचाऱ्या आपलं काम करत होत्या, गाडी छान चालत होती. मग आईने गुपचूप औषध भरलं. गोळ्या त्या चिकट औषधात बसल्या, आणि झाला एक गोळा. गाडी रात्रभर उभी राहिली की तो गोळा खाली ओघळून एका जागी बसायचा, सकाळी चाक तिथे जड. तासभर पळालं, तापलं, की तो थोडा पांगायचा. माझ्यावर चढवलं की तो हळूहळू सरकत राहायचा, आणि मी दर वेळी नवीन जागा दाखवायचे. मी खरं तेच सांगत होते! शहरातलं मशीनही खरं तेच सांगत होतं! माझ्या अंगावरून डोंगर उतरल्यासारखं झालं. वय झालं असेल, पण नजर गेली नव्हती.

तीन माणसांनी जीव लावला, आणि त्या जिवाचा आत चिखल झाला.

थोडा वेळ सगळे हसले. मग सगळे भांडले. चिरंजीव म्हणाले, टायर स्वच्छ धुऊ आणि फक्त गोळ्या घालू. माई म्हणाली, फक्त औषध घालू, पंक्चर झालं तर तोलून काय उपयोग? चिरंजीव म्हणाले, नाहीतर मशीन, ते चाकाचा डावा-उजवा तोलही बघतं. मिस्त्री म्हणाले, रुंद चाकाला तो बघावा लागतो, मोटारसायकलचं चाक अरुंद, त्याला वर-खालचा तोल पुरतो. आवाज चढले. आणि सून मध्ये उभी, गोळ्या चाचपून हिरवे झालेले हात घेऊन.

मग मिस्त्रीच थांबले. अर्ध्या वाक्यात थांबले. म्हणाले, "आपण पुन्हा तेच करतोय." आणि सुनेकडे वळले. "चाक तुझं, वाट तुझी. तू ठरव. तू म्हणशील ते करू. मशीन म्हणालीस तर मी स्वतः घेऊन जाईन."

सुनेने आधी हात पुसले. माझ्या कांबेवर एक बोट ठेवलं.

"गोळ्या वाईट नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली, त्याला वाईट वाटू नये म्हणून आधी त्यालाच. "पण त्या आत काय करतायत ते मला दिसत नाही. मशीनही चांगलं, पण ते शहरात, मी डोंगरात, आणि मला मध्येच शंका आली तर? घोडीवर चाक थांबतं ते माझ्या डोळ्यांसमोर थांबतं. मला दिसलं पाहिजे. दिसलं तरच माझा हात हँडलवर सैल राहील." मग माईकडे वळली. "आणि पंक्चरसाठी पिशवीत भोक बुजवायची दोरी आणि हातपंप ठेवते. कसं करायचं ते शिकते. पिशवी तुम्ही भरून द्या, रोज, तुमच्या हाताने. चालेल?"

माई म्हणाली, "त्यात बिस्किटं ठेवली तर?"

"टायरात नाही ना घालणार?"

"हात तिच्या! माझीच चेष्टा करते!" पण माईचा चेहरा उजळला होता.

"अजून एक," सून म्हणाली. "आज मीच तोलणार. बाबा, तुम्ही नुसते उभे राहा."

टायर धुतला, पुसला, वाळवला, पिवळा ठिपका नळीशी जुळवून बसवला, हवा भरली. सुनेने चाक कांबेत ओवलं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. "दार लावा, पंखा बंद," ती म्हणाली. माईने स्वतः दार लावलं आणि तोंडावर पदर धरला. सुनेने चाक ढकललं. ते फिरलं, डुललं, दमलं, थांबलं. खडूची खूण. पुन्हा ढकललं. पुन्हा तीच जागा. पुन्हा, पुन्हा तीच. एखाद्याने विचारावं, तुझं नाव काय, आणि समोरच्याने न चाचरता दर वेळी एकच नाव सांगावं, तसं. शिशाचे दोन तुकडे लागले. सुनेने चाक आडवं थांबवलं, थांबलं. तिरकं थांबवलं, थांबलं.

मिस्त्रींनी तेव्हा कुठे पाठीमागे बांधलेले हात सोडले.

सूर्य अजून वर होता. सुनेने चाक गाडीला बसवलं, शिरस्त्राण घातलं आणि निघाली. म्हणाली, जकातनाक्यापर्यंत जाऊन येते, वीस मिनिटं. वीस झाली. तीस झाली. चिरंजीव दारात, मिस्त्री फाटकात, माई आत-बाहेर. दोन तास होत आले, तेव्हा माई म्हणाली, "अहो, जा ना बघायला." मिस्त्री म्हणाले, "कशावर जाऊ? गाडी ती घेऊन गेली." आणि तेवढ्यात आवाज आला. लांबून, सरळ, एका सुरात.

ती आली. शिरस्त्राण काढलं, केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर ते आपलं मूळचं माणूस परत आलेलं.

"कुठे होतीस गं बाई?" माई ओरडली.

"चुकून वर गेले."

"चुकून? अख्खा डोंगर?"

"जकातनाका कधी मागे गेला कळलंच नाही, माई. वळणावर हँडल दोन बोटांत होतं. आणि मी रस्त्याकडे बघत होते, नुसती रस्त्याकडे." मग ती पायरीवर बसली आणि आता रडली, पडली तेव्हा राहिलेलं सगळं. माईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला, तो आवाज जणू मला ऐकू आला.

डोळे पुसून तिने फोन लावला. "डॉक्टरीणबाई, सोमवारी मीच येते." पलीकडून काय आलं माहीत नाही, पण ती म्हणाली, "हो, दिसलात ना. फाटकात उभ्या होतात. हात केला मी."

त्या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मिस्त्रींचे डोळे अधू झालेत, ते स्टुलावर बसून फक्त ऐकतात आणि चूक झाली की खोकतात. चिरंजीवांच्या गोळ्या एका बरणीत खिडकीत आहेत. माझ्यावर फडकी वाळत नाहीत. बेरिंगं दोनदा बदलली, रंगही लागला, निळा, मला न विचारता, पण शोभतो. डोंगरवाटेवर गाड्या चालवणारे आणखी चार-पाच जण आपली चाकं घेऊन येतात आणि सून त्यांना सगळ्यांत आधी एकच विचारते, "चालवताना काय वाटतं, ते सांग."

माझंही तुम्हाला एवढंच मागणं. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी खुशाल काही करा. पण त्याच्या चाकात काही ओतण्याआधी त्याला विचारा. आणि तोलायची रीत कुठलीही धरा, मशीन धरा, गोळ्या धरा, माझ्यासारखी घोडी धरा, पण एकच धरा.

बरं, आता पुरे. ती चाक घेऊन येतेय, आणि मी जराशी जरी कुरकुरले, तरी तिला वाटतं बेरिंग गेलं. गप्प होते.